जुन्या शाफ्टवरून नवा करू नका, आधी नळी मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. अठ्ठावीस फुटी, फायबरची, जुनी शिडाची बोट आहे. एरवी ती रत्नागिरीजवळच्या खाडीत असते, सध्या पावसाळ्यासाठी वर काढून ठेवली आहे. सुकाणू ठकठक वाजायला लागलं म्हणून पातं फोडलं, तर आत पाणी, आणि शाफ्टवरच्या (सुकाणू फिरवणाऱ्या दांड्यावरच्या), पातं धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांचे वेल्ड खाल्लेले. तुम्ही राहता सोलापुरात. इथला लेथवाला म्हणतो, जुना शाफ्ट आणून द्या, हुबेहूब नवा करतो, बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो त्या कड्या, नायलॉनचे टाकू. नारळी पौर्णिमेच्या आसपास बोट पाण्यात जायला हवी. तर धातू कोणता, फट किती ठेवायची आणि बसवायचं कसं?

मी बावीस वर्षं बोटींच्या यार्डात फिटर होतो. आता सोलापुरात माझं छोटं वर्कशॉप आहे. यंत्रमागाची आणि साखर कारखान्याची कामं करतो, आणि वर्षाकाठी एखादं सुकाणू कुणीतरी शोधत आणून टाकतंच. समुद्रापासून इतक्या लांब सुकाणू करायचं म्हटलं की लोक हसतात. पण पातं करायला पावसाळ्यात सोलापूरच बरं. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आपल्याकडे जेमतेम सहाशेच्या आसपास. दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट थर येतो आणि त्यावर पुढचा थर नीट धरत नाही. इथे जून-जुलैतही पत्र्याच्या शेडमध्ये काम कोरडं होतं. तेव्हा पातं आणि शाफ्ट इथे करा, मापं मात्र बोटीवर जाऊन घ्या. तुमचा लेथवाला नेमकं हेच टाळायला बघतोय.

जुन्या शाफ्टवरून नवा का करायचा नाही ते सांगतो. तुमचा शाफ्ट मूळचा ४० मिमीचा असेल, तर खालच्या बुशात जिथे तो वर्षानुवर्षं घासलाय तिथे आज ३९.६ भरेल, आणि तेही एकाच अंगाला. तिथे मायक्रोमीटर लावला की चुकीचं माप मिळणार. बुशही झिजलेले, त्यांचं भोक लंबगोल झालेलं. मग लेथवाला झिजलेल्या शाफ्टवरून शाफ्ट काढतो, झिजलेल्या बुशावरून बुश काढतो, आणि झीज अगदी नव्या मालात नक्कल होऊन येते. शाफ्टचं मूळ माप हवं असेल तर टिलरच्या (सुकाणू वळवायच्या हातातल्या दांड्याच्या) क्लॅम्पच्या लगेच खाली, जिथे काहीच घासत नाही तिथे मोजा. बुशाचं बाहेरचं माप मात्र बोटीच्या नळीतूनच, म्हणजे तळातून वर जाणाऱ्या ज्या नळीत बुश बसतात तिच्यातूनच आलं पाहिजे. जुने बुश काढा, नळी आतून पॉलिश पेपरने साफ करा, टेलिस्कोपिक गेज (भोकाचं आतलं माप घ्यायचं साधन) घेऊन वरच्या आणि खालच्या तोंडाशी प्रत्येकी तीन खोलींवर मोजा, दर वेळी आडवं-उभं दोन्ही. बारा आकडे येतील. फायबरची नळी कधीच गोल नसते, ०.३ मिमीचा फरक तर सहज निघतो.

आता धातू. बाजारात सहज मिळतो तो ३०४ नंबरच्या स्टेनलेसचा बार विसरा. समुद्राच्या पाण्यात निदान ३१६ एल तरी हवं. पण तुमच्या बाबतीत मी त्याच्याही पुढे जाईन, आणि का ते हिशेबाने दाखवतो.

पातं साधारण १०५ सेंटीमीटर उंच, सरासरी ३८ रुंद, म्हणजे ०.४ चौरस मीटर धरू. मागून लाट आली, बोट सात नॉटला (ताशी तेरा किलोमीटरला) पळाली आणि तुम्ही टिलर जोरात ओढलात, तर पात्यावर आडवा जोर जवळजवळ सव्वातीनशे किलोचा येतो. हा जोर पात्याच्या मधोमध, म्हणजे खालच्या बुशापासून अर्धा मीटर खाली लागतो. तिथे चाळीसच्या भरीव शाफ्टमध्ये ताण येतो अडीचशे मेगापास्कलच्या (ताण मोजायचं एकक) आसपास. ३१६ एल चा बार १७० च्या पुढे कायमचा वाकायला लागतो. म्हणजे एका वाईट संध्याकाळी शाफ्ट वाकणार, आणि वाकलेला शाफ्ट नळीत अडकला की सुकाणू असून नसल्यासारखं. शाफ्ट ४५ चा केला तर ताण १८० वर उतरतो, कारण ताकद व्यासाच्या घनाने वाढते. पण मग नळीत बुशाला जागा उरत नाही. याच कारणाने, खड्डे घालवायला जुन्या शाफ्टवरून दोन मिमी घासून काढायची सूचना कुणी केली तर ऐकू नका. चाळीसचा अडतीस झाला की चौदा टक्के ताकद गेली.

म्हणून व्यास ४० च ठेवा आणि २२०५ डुप्लेक्स या जास्त ताकदीच्या स्टेनलेसचा बार घ्या. तो ४५० मेगापास्कलपर्यंत टिकतो आणि खाऱ्या पाण्यात ३१६ पेक्षा जास्त तग धरतो. पुण्या-मुंबईच्या स्टॉकिस्टकडे मागवावा लागेल, टेस्ट सर्टिफिकेटसकट घ्या. एक गंमत: या स्टीलला लोहचुंबक चिकटतो. आपल्याकडे स्टेनलेसची परीक्षा म्हणजे चुंबक, त्यामुळे बार दुकानातून शेडमध्ये पोचेपर्यंत दोघंतिघं तरी तुम्हाला फसवलं म्हणून सांगतील. ३१६ ला चुंबक चिकटत नाही हे खरं, डुप्लेक्सला चिकटतोच. पट्ट्याही त्याच धातूच्या घ्या, आर्गन वेल्डिंगला २२०९ ची फिलर रॉड वापरा, वेल्डिंग झाल्यावर पिकलिंग पेस्ट (अॅसिडची पेस्ट) लावून उष्णतेने धातूवर आलेला रंग उडवा.

तुमचे वेल्ड का कुजले? स्टेनलेस ज्यामुळे स्टेनलेस राहतं तो पृष्ठभागाचा थर टिकायला ऑक्सिजन लागतो. शाफ्ट पात्यात शिरतो तिथून पाणी झिरपतं, आत फोममध्ये साचतं, त्यातला ऑक्सिजन संपतो, आणि मग बाहेरून आरशासारखा चकचकीत शाफ्ट आतून पोखरला जातो. पट्ट्या सुटल्या की टिलर फिरतो, शाफ्ट फिरतो, पातं मात्र जागच्या जागी. तुमचं बंदरातच उघडकीला आलं हे नशीब.

पट्ट्या तीन ठेवा, कंगव्याच्या दातांसारख्या. पहिला वेल्ड पात्याच्या वरच्या कडेला अगदी लागून नको. सगळ्यात जास्त वाकवणारा जोर तिथेच असतो, तो वेल्डच्या काठाला मिळायला नको. इपॉक्सी लावण्याआधी शाफ्टचा आत जाणारा भाग ८० नंबरच्या पेपरने खरवडा, आणि शेवटचा हात ओली इपॉक्सी लावून त्यातच घासा, म्हणजे उघड्या धातूला हवा लागायच्या आत रेझिन बसतं.

पात्याबद्दल फार लिहीत नाही, कारण त्यात लोक आपोआपच काळजी घेतात. जुन्या पात्याचे दोन्ही अर्धे साचे म्हणून वापरा, आकार आणि शाफ्टची जागा मिलिमीटरभरही बदलू नका. शाफ्टच्या पुढे साधारण सोळा-सतरा टक्के क्षेत्रफळ असतं, त्यामुळे टिलर हलका लागतो. 'अजून हलका करू' म्हणून ते वीस-बावीसच्या पुढे नेलं तर पाण्याचा जोर शाफ्टच्या पुढे पडायला लागतो आणि सुकाणू हातातून निसटून स्वतःच वळतं. फोम एकदम ओतू नका, तीन-चार टप्प्यांत ओता. आपल्या उन्हाळ्यात तो इतका तापतो आणि फुगतो की अर्धे साचे पोट काढतात. हार्डनर स्लो घ्या. आणि वरचा रंग पांढराच. गडद रंगाचं पातं सोलापूरच्या उन्हात ठेवलं तर साध्या इपॉक्सीला मऊ करायला तेवढं तापमान पुरतं.

पातं तयार झालं की एक काम इथेच उरकून घ्या. बाजार समितीत कांद्याची पोती तोलतात तसल्या काट्यावर त्याचं वजन करून लिहून ठेवा, मग कुणाच्या तरी शेततळ्यात दगड बांधून तीन दिवस बुडवून ठेवा. काढा, पुसा, दोन तास सावलीत ठेवा, पुन्हा तोला. मागच्या वर्षी एकाचं पातं ३१० ग्रॅमने वाढलं. वरच्या कडेला, शाफ्टच्या भोवती, केसासारखी फट होती. तिथे आता मी नेहमी सहा मिमी रुंद, सहा मिमी खोल खाच ठेवतो आणि पॉलियुरेथेन सीलंटने भरतो. कडक इपॉक्सी तिथे टिकत नाही, शाफ्ट जरा लवला की तडकते.

आता बुश. नायलॉन नको म्हणजे नको. लेथवाल्याचा दोष नाही, यंत्रमागाला नायलॉनचे पार्ट तो रोज काढतो आणि तिथे ते उत्तमच चालतात. पण माग कोरड्यात चालतो. नायलॉन पाण्यात राहिलं की आपल्या वजनाच्या आठ-नऊ टक्के पाणी पितं आणि फुगतं. यार्डात नवा असताना मी स्वतः हे करून बसलोय. नायलॉनचे दोन बुश, ०.१ मिमीची फट, शाफ्ट आत असा सरकला की बघत राहावं. बोट पाण्यात गेली. आठ दिवसांनी मालकाचा निरोप, टिलर जड लागतोय. पंधराव्या दिवशी दोन्ही हातांनी हलेना. बोट परत वर काढली, शाफ्ट खाली पाडायला जॅक लावावा लागला, आणि तो खर्च दोन महिने माझ्या पगारातून गेला.

डेल्रिन वापरा, काही दुकानांत त्याला पीओएम म्हणतात. ते पाणी जवळजवळ पीतच नाही. अडचण अशी की पांढरा नायलॉन आणि पांढरा डेल्रिन शेजारी ठेवले तर कुणालाही ओळखू येत नाहीत, आणि दुकानदार हाताला लागेल तो रॉड देतो. ओळखायचं असं: ग्लासभर पाण्यात विरघळेल तेवढं मीठ घाला, तळाला थोडं उरेपर्यंत. त्यात रॉडचा तुकडा टाका. नायलॉन तरंगतं, डेल्रिन बुडतं. साध्या पाण्यात दोन्ही बुडतात, म्हणून मीठ हवंच.

फट शाफ्टच्या व्यासावर एकूण पाव मिलिमीटर ठेवा, आणि ती बुश नळीत बसल्यानंतरची. लेथवर मोजलेली धरू नका. बुश ठोकून दाबून बसवला तर बाहेरून जेवढा दाबला जातो तेवढंच, थोडंफार इकडेतिकडे, आतलं भोक आवळतं. शिवाय दुपारी शेडमध्ये चाळीस अंश असताना टर्निंग केलं आणि बुश अठ्ठावीस अंशांच्या समुद्रात गेला, तर चाळीसच्या भोकात पाच शतांश मिलिमीटर तिथेच जातात. डेल्रिन उष्णतेने स्टीलच्या कितीतरी पट फुगतं-आकसतं. शेवटचा कट सकाळी सातला मारायला सांगा, मापही तेव्हाच घ्या. टर्नर कुरकुरेल, त्याला चहा पाजा.

दाबून बसवणं मला मुळातच आवडत नाही, कारण तुमच्या बारा आकड्यांवरून दिसेलच की वरचं आणि खालचं तोंड एका रेषेत नाही. त्यापेक्षा बुश नळीपेक्षा तीन-चार मिमीने लहान करा, बाहेरच्या अंगाला तीन खाचा टर्न करा. इपॉक्सी डेल्रिनला चिकटत नाही, पण खाचांत शिरून घट्ट होते आणि बुश जागचा हलत नाही. बसवताना शाफ्टवर मेण लावा. जुन्या ओएचपीच्या (ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या) पारदर्शक शीटची पट्टी, जी जेमतेम ०.१ मिमी जाड असते, शाफ्टभोवती एकच वेढा गुंडाळा, टोकं एकमेकांवर चढू देऊ नका. त्यावर बुश चढवा. शाफ्ट नळीत घालून, पातं बोटीच्या मधल्या रेषेत आहे ना ते ओळंब्याने आणि दोरीने बघून पाचर मारा. मग नळी आणि बुश यांच्यामधली जागा घट्ट केलेल्या इपॉक्सीने भरा. दुसऱ्या दिवशी शाफ्ट काढा, शीट ओढून घ्या. दोन्ही बुश आपोआप एका रेषेत येतात आणि फटही बरोबर उरते. नळी तिरकी असली तरी मग त्याने काही बिघडत नाही.

हे सगळं बोटीवर करायचं, म्हणजे पातं रत्नागिरीला न्यायचं आलं. सांगोला, मिरज, कोल्हापूर, मग आंबा घाट. टेम्पोत पातं आडवं टाकून शाफ्ट लोंबकळता ठेवू नका, शाफ्टखाली लाकडाचा आधार द्या, नाहीतर घाटाच्या वळणावळणाला पात्याच्या तोंडाशी हिसके बसतात आणि तुमचं नवं सीलंट तिथेच सुटतं. गुंडाळायला दोन जुन्या सोलापुरी चादरी घ्या. फोमच्या शीटपेक्षा चांगल्या बसतात आणि घसरत नाहीत.

बसवायला उंची लागते. पातं १०५ आणि वरचा शाफ्ट ७५ धरला तर एकूण १८० सेंटीमीटर. किलवर, म्हणजे तळाच्या कण्यावर, उभ्या बोटीची मागची बाजू जमिनीपासून सव्वाशेच्या आसपास असते. बाकीचा साधारण दोन फुटी खड्डा खणायचा, आणि तिकडे जांभा दगड, तेव्हा पहार आणि माणूस आधीच ठरवून ठेवा. शाफ्ट तिरका असतो, त्यामुळे खड्डा पात्याच्या रुंदीपेक्षा पुढे-मागे हातभर लांब ठेवा, नाहीतर पातं मावतं पण शाफ्टचं टोक नळीच्या तोंडाला लागत नाही. खाली ट्रॉली जॅक, त्यावर पात्याच्या आकाराची लाकडी खोबण, वरून टिलरच्या जागी चेन ब्लॉक. तीन माणसं पुरे. बोटं नळी आणि पात्याच्या मध्ये घालू नका, आम्हा फिटर लोकांच्या नखांचा इतिहास याच जागी लिहिला जातो.

पहिल्यांदा कोरडंच बसवा. पातं एका बोटाने ढकललं की दोन्हीकडे ३५ अंशांपर्यंत फिरलं पाहिजे. कुठे अडलं तर शाफ्टला निळा (खूण उमटवणारा निळा रंग) लावून परत घाला, घासतं तिथला निळा पुसला जाईल. तेवढंच भोक पेपरने हलकं करा, कानस आणू नका. पात्याची वरची कड आणि बोटीचा तळ यांत मध्यभागी दहा-बारा मिमी फट दिसेल, पण तळ गोलाकार असतो, त्यामुळे सुकाणू पूर्ण वळवल्यावर ती फट एका कोपऱ्यात कमी होते. तिथे निदान पाच मिमी उरायला हवेत. ३५ अंशांवर अडवणारे स्टॉप मजबूत हवेत, ते काम टिलर धरणाऱ्या हातावर सोडू नका.

खाली पडू नये म्हणून वर कॉलर आणि आरपार पिन, हे सगळ्यांच्या लक्षात राहतं. पण आत फोम असल्यामुळे पातं पाण्यात तरंगायला बघतं आणि वर ढकलतं, हे विसरलं जातं. पातं आणि खालचा बुश यांच्या मध्ये डेल्रिनचा वॉशर घाला, वर-खाली एक ते दोन मिमी खेळ ठेवा. टिलरच्या की-वेचे (शाफ्टवर चावी बसवायच्या खाचेचे) कोपरे काटकोनी ठेवू नका, हलका गोल द्या, भेग तिथूनच सुरू होते. शाफ्टवर अँटीफाउलिंग रंग (शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून तळाला लावतात तो) लावू नका, त्यातलं तांबं स्टेनलेसला नको आणि तो रंग बुशात जमतोही.

बोट पाण्यात गेल्यावर तासाभराने पुन्हा फिरवून बघा. लाकडाच्या टेकूंवर तळ थोडा दबलेला असतो, पाण्यात तो आपल्या आकाराला येतो आणि बुश किंचित सरकतात. मग इंजिनवर खाडीत दोन्ही बाजूंना पूर्ण वळणं घ्या. रिव्हर्समध्ये टिलर दोन्ही हातांनी धरा आणि सुकाणू मध्यावर ठेवा. मागे जाताना पाणी पात्याच्या मागच्या कडेवर आदळतं आणि एकदम पूर्ण वळवून टाकतं, नव्या माणसाच्या बरगड्यांना टिलर बसतो तो तेव्हाच. रात्री नांगरावर निजलात की कान द्या. ठक आवाज आला तर फट जास्त राहिली आहे किंवा वॉशर राहून गेला आहे.

पुढच्या मे महिन्यात बोट वर आली की पात्याच्या तळाशी, शाफ्टपासून लांब, पाच मिमीचं एक भोक पाडा आणि रात्रभर खाली बादली ठेवा. सकाळी बादली कोरडी असेल तर भोक इपॉक्सीने बुजवा. स्वच्छ पाणी असेल तर वरचं सीलंट बदला. पाणी तपकिरी असेल आणि कुजका वास येत असेल, तर बोट पाण्यात सोडू नका, पातं काढून घेऊन या, शेड अक्कलकोट रोडलाच आहे.